काट्यावरचे भाऊजी

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, मला कधीच आवडले नाहीत. मालट्रक तोलायच्या वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेली आणि माणसांकडेही ते त्याच नजरेने बघतात. ट्रक आला की एकूण वजन बघायचं, शिवाय पुढच्या-मागच्या चाकांवरचं वेगवेगळं बघायचं, हे त्यांचं काम. एकूण वजन बरोबर असलं तरी सगळा माल मागच्या चाकांवर असेल, तर ते गाडी परत पाठवतात. ड्रायव्हरने कितीही गयावया केली तरी ऐकत नाहीत.

एकदा मोबाइलवर त्यांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सापडला आणि ताईच्या मागे साडेसाती लागली. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. पंचविसाच्या वर गेला की वजन जास्त. भाऊजींचा आला बावीस, ताईचा सत्तावीस. मग काय, स्वारी हवेत. पाहुण्यांसमोर ते ताईला ‘ओव्हरलोड’ म्हणायचे. स्वतःच्या हातापायांच्या काटक्या आणि पोट मात्र शर्टाच्या बटणांशी भांडणारं, पण ते त्यांना कोण सांगणार? ताई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलते. तिचं ताट त्यांनी निम्म्यावर आणलं. मी भांडले, तर म्हणाले, काट्याशी वाद घालायचा नसतो.

ताईने मुकाट सोसलं, याचा मला जास्त राग आला. एका दुपारी ती गरम इस्त्रीच्या यंत्राशेजारी चक्कर येऊन पडली. हात भाजता भाजता वाचला.

तिथल्याच डॉक्टरबाईंनी तिला आणि तिला न्यायला आलेल्या भाऊजींनाही तपासलं. बीएमआय हा नुसता अंदाज, त्या म्हणाल्या. वजन चरबीचं की स्नायूंचं, आणि चरबी कुठे साठलीय, हे त्याला कळत नाही. ताईची कंबर, रक्तदाब, साखर सगळं ठीक होतं. वजन थोडं उतरलं तर चांगलंच, पण उपाशी राहून नाही. मग टेप भाऊजींच्या पोटाभोवती गेली. त्यांनी पोट आत ओढलं. डॉक्टरबाई नुसत्या थांबून राहिल्या. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? घेर प्रमाणाबाहेर निघाला, साखरही वाढलेली निघाली.

“पण माझा आकडा बावीस आहे,” भाऊजी पुटपुटले.

ताई शांतपणे म्हणाली, “सगळा माल मागच्या चाकांवर असेल, तर तुम्ही गाडी सोडता का हो?”

घरी आल्यावर ताई त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवली. ते शर्टाचं बटण चाचपत बसले होते. मला त्यांची जराही दया आली नाही.