कुकरातले देव

आमचे पाच देव मी प्रेशर कुकरात ठेवले, यात माझी काही चूक नव्हती. खोल भांडं तेवढंच सापडलं.

मी ग्वाल्हेरला हजिऱ्याच्या कापडगिरणीत सांचा, म्हणजे माग, चालवलेला माणूस. शाळेचं म्हणाल तर सातवी, तीही नापास. देवपूजा हे खातं पहिल्यापासून आमच्या मंडळींकडे. मी बाहेरून नमस्कार करायचा, तोही चप्पल घातलेली नसेल तर. मंडळी गेल्या आणि पाच महिन्यांत मला कळलं की या घरात आपण चाळीस वर्षं पाहुणे होतो. चमचा सापडत नाही. माझाच बनियन सापडत नाही. घंगाळ कुठं असतं हे सुनेला विचारावं, तर ती विचारणार, "बाबा, घंगाळ कशाला हवंय?" आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

सांगतो. आता लपवून काय करायचंय!

मंडळींना दुपारी अडीचची एक हिंदी मालिका बघायचं वेड होतं. त्यात देविका नावाची एक गरीब स्वभावाची सून. मोठ्या जावेनं सासऱ्याच्या खिरीत विष घातलं आणि आळ देविकेवर. मी जाता-येता टोमणे मारायचो. "खोटं आहे गं ते! तो सासरा विड्या ओढत बसला असेल पडद्यामागं!" त्यावर मंडळी म्हणायच्या, "तुम्ही गप बसा, तुम्हाला माणसं कळत नाहीत."

मग त्या दवाखान्यात पडल्या. तिथं टीव्ही नव्हता. रोज दोन वाजले की मला घरी पिटाळायच्या. "जा, बघून या, आणि नीट सांगा." मी सायकल मारत घरी यायचो, मालिका बघायचो, परत जाऊन सांगायचो. पहिल्या दिवशी मी एवढंच सांगितलं, "बायका रडल्या." मंडळींनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून मी कोणी कोणती साडी नेसली होती तेही सांगू लागलो. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरून विचारलं, "सुटेल ना हो ती?"

मी म्हणालो, "सुटेल. मी बघतो."

मी काय बघणार होतो, माझं मला ठाऊक! पण शब्द गेला तोंडातून. त्या गेल्या, आणि खटला राहिला माझ्या गळ्यात.

तेव्हापासून रोज अडीचला मी टीव्हीसमोर. घरात कुणाला पत्ता नाही. मुलगा दिलीप सिंचन खात्यात बाबू, तो ऑफिसात. सूनबाई सुनंदा शाळेत शिकवते, ती चारला येते. नात पिऊ तिच्याच शाळेत. साक्षीदार एकच, शेजारच्या तोमरभाभी. त्या मंडळींबरोबर बघायच्या, ती सवय त्यांना मोडवेना. त्या उंबऱ्यावर बसायच्या, मी खुर्चीत. बोलणं नाही. त्या पदरानं डोळे पुसायच्या, मी पंच्यानं. (मला सर्दी असायची. पाच महिने.)

एका सोमवारी मालिकेत जजसाहेब बोलले, "फैसला शुक्रवार को सुनाया जाएगा."

तोमरभाभी मटकन खाली बसल्या, म्हणजे होत्या त्याहून खाली. "भाईसाब, अब तो भगवान ही बचाए!"

मला आठवलं, मंडळी अडचणीच्या वेळी देव पाण्यात ठेवायच्या. काम होईपर्यंत देवांना बाहेर काढायचं नाही. एकदा बोलल्याही होत्या, भांडं खोल पाहिजे, देव पुरते बुडले पाहिजेत. मी उठलो. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, महादेव आणि खंडोबाचा चांदीचा टाक, सगळ्यांना कुकरात घातलं, वरून पाणी सोडलं आणि हात जोडले. झाकण लावलं, कारण माशा. शिट्टी नाही लावली. तेवढी अक्कल मला आहे!

संध्याकाळी सुनंदानं डाळ धुतली, कुकर उचलला आणि आत पाहिलं.

"अहो!" तिची ती हाक तोमरांच्या गच्चीपर्यंत गेली असेल. दिलीप धावला. मीही धावलो, पण उलट्या दिशेनं.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर दोघंही येऊन माझ्या खाटेशी बसले. दिलीपचे डोळे भरलेले.

"बाबा, तुम्हाला कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. आता नाही म्हणून उपयोग काय?

"कुणी सांगितलं?"

"टीव्हीवर दाखवलं ना आज."

"टीव्हीवर?" दिलीपनं बायकोकडं पाहिलं. "आम्ही मुद्दामच बोललो नव्हतो बाबा. आईला जाऊन पाचच महिने झालेत, त्यात तुम्हाला हा घोर कशाला?"

(पाहा! पोराला माझी किती काळजी! एका मालिकेवरून!)

"घोर तर लागणारच," मी म्हणालो. "शुक्रवारी फैसला आहे."

"तारीखसुद्धा ठाऊक आहे यांना!" सुनंदानं तोंडाला पदर लावला. "बाबा, सुटका होईल ना हो?"

"तुझ्या सासूला शब्द दिलाय मी," मी म्हणालो. "सुटका होईपर्यंत देव पाण्यातून निघायचे नाहीत."

यावर सुनंदा मला वाकून नमस्कार करून गेली. दिलीपनं माझे पाय दाबले. लग्नानंतर पहिल्यांदा! मला बरं वाटलं, पण जरा जास्तच वाटलं. एका देविकेसाठी पोरगा पाय दाबतो?

"बाबा," तो पाय दाबता दाबता म्हणाला, "नाव आलं तर सरळ बस्तर."

"बिस्तर? घाल की, झोपायला बिस्तर तर घालायलाच हवा."

"बिस्तर नाही, बस्तर! छत्तीसगडात! राज्याचे दोन तुकडे होताहेत, कर्मचारी वाटून देणार. शुक्रवारी आमच्या खात्याची यादी लागते. नाव आलं की पंधरा दिवसांत तिकडं हजर व्हायचं. सुनंदाची शाळा इथं, पिऊ इथं, तुम्ही इथं..."

तो बोलत होता आणि माझे पाय त्याच्या हातात गार पडत होते.

राज्यं मोडताना आणि जोडताना मी पुष्कळ पाहिलीत. लहानपणी आम्ही झोपलो ते संस्थानात आणि उठलो ते मध्यभारतात. मग त्याचं मध्यप्रदेश झालं आणि राजधानी भोपाळला गेली. पण आम्ही आपले ग्वाल्हेरच्या लष्कर मोहल्ल्यात जिथल्या तिथं! राज्य सरकायचं, माणूस नाही. या खेपेला राज्य जागेवर राहणार होतं आणि माझं पोर सरकणार होतं. आणि मी, बाप, देव बुडवून बसलो होतो कुणासाठी? तर एका रंगवलेल्या बाईसाठी!

खरं काय ते दिलीपला सांगायला तोंडच उघडेना. तो समाधानानं उठून गेला, मी रात्रभर कूस बदलत पडलो.

मंगळवारी सगळी गल्ली येऊन गेली. सुनंदानं देव तांब्याच्या घंगाळात हलवले होते. (ते कपाटावर होतं. मला काय माहीत!) जो तो घंगाळापुढं हात जोडायचा आणि मग माझ्यापुढं. कुलकर्णी मास्तर, ज्यांनी मला सातवीत नापास केलं होतं ते, आता नव्वदीला टेकलेले, काठी टेकत आले. म्हणाले, "बाप असावा तर असा!" मी जमिनीकडं बघत होतो. लोकांना तो विनय वाटला.

बुधवारी घरात कुणी नाही असं पाहून मी घंगाळापाशी बसलो आणि देवांशी सरळ बोललो. दिलीपच्या तोंडून ऑफिसची भाषा ऐकलेली, तीच वापरली. "देवा, पहिला अर्ज देविकेचा आहे, तो रद्द समजू नये, मंडळींना शब्द दिलाय. पण हा दुसरा अर्ज दिलीपचा. दोन्ही होत नसतील तर दुसरा आधी निकालात काढावा. पहिल्याचं मी मंडळींना समजावीन." समजावीन म्हणालो खरं, पण जन्मात त्यांना मी एक गोष्ट समजावू शकलो नव्हतो. हुंदका आला. या खेपेला सर्दी नव्हती.

शुक्रवार उजाडला. दिलीप न जेवता गेला. मी टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं. अडीचला पाच कमी असताना तोमरभाभी येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाईसाब, भाभीजी होतीं तो लगातीं."

लावला.

जजसाहेबांनी चष्मा काढला. चष्मा पुसला. चष्मा घातला. जाहिरात लागली. साबण, चहा, परत साबण. मग जजसाहेबांनी तोंड उघडलं. देविकेला उम्रकैद!

तोमरभाभींनी हंबरडा फोडला. मीही फोडला. लाज काय सांगू, मंडळी गेल्या त्या दिवशी लोकांदेखत मी रडलो नव्हतो. पुरुषासारखं सगळं उरकलं होतं. ते सगळं त्या दुपारी बाहेर पडलं. पुढं घंगाळात देव, समोर मंडळींचा फोटो, उंबऱ्यावर तोमरभाभी आणि मध्ये मी. "शब्द दिला होता गं! काही करता आलं नाही गं मला!"

नेमका तेव्हाच दिलीप दारात. हातात नई सडकेवरून घेतलेला पेढ्यांचा पुडा, मागं अर्धी सुट्टी टाकून आलेली सुनंदा.

"बाबा! बाबा, रडू नका! कुणी काय सांगितलं तुम्हाला? यादीत नाव नाही माझं! मी कुठं जात नाही! इथंच आहे मी, ग्वाल्हेरला!"

मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. छातीवरचा दगड उतरला तोही कळला. पण हुंदका म्हणजे उतारावरची सायकल, ब्रेक लगेच लागत नाही. तोंडातून निघून गेलं, "अरे, पण तिला जन्मठेप झाली रे!"

"कुणाला?"

तोमरभाभींनी नाक पुसत कोर्टापेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं, "देविका को, बेटा! भाईसाब ने सोमवार से भगवान डुबो रखे हैं उसके लिए!"

टीव्हीवर परत साबणाची जाहिरात लागली.

"म्हणजे," सुनंदा सावकाश म्हणाली, "देव आमच्यासाठी नव्हतेच?"

"होते! बुधवारपासून होते! दुसरा अर्ज केला होता मी!"

"दुसरा अर्ज?"

"एकाच घंगाळात!"

पुढचं मी सांगू शकलो नाही, कारण दिलीप जमिनीवर बसला होता. मला वाटलं, पोराला चक्कर आली. तर तो हसत होता. पोट धरून, पेढे सांडत, आईच्या फोटोकडं बोट दाखवत. "आई, ऐकलंस का! आई, अगं ऐकलंस का!" मग सुनंदा हसली. तोमरभाभींना काही कळलं नाही, पण पेढा मिळाल्यावर त्याही हसल्या. पाच महिन्यांनी त्या घरात कुणी हसत होतं आणि ते माझ्यावर हसत होते. हसा म्हटलं लेको, हवं तेवढं हसा. इथं राहून हसताय ना!

दुसऱ्या अर्जावर मात्र आजतागायत कुणाचा विश्वास बसलेला नाही. उलट सुनंदानं आपला हिशेब मांडला. "बाबांनी जिच्यासाठी देव पाण्यात ठेवले ती जन्मठेपेला गेली. आमच्यासाठी ठेवले नव्हते, म्हणून आम्ही वाचलो."

ही गोष्ट तिनं गल्लीभर सांगितली. आता पिऊची परीक्षा आली, आणि मी सहज म्हणून देवघराकडं वळलो, तर पोरगी दोन्ही हात पसरून आडवी! "आजोबा, प्लीज! मेरे लिए कुछ मत करना!" कुलकर्णी मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर त्यांनी काठी आपटून निरोप धाडला की मला विचारू नये आणि कळवूही नये.

मला राग येत नाही. पासष्ट वर्षं माझ्या बोलण्याला घरात कुणी वजन दिलं नाही, आणि आता माझ्या नुसत्या नमस्कारानं गल्ली टरकते!