अदनचा मासा

जबीदच्या बाजारात मुकबिल शिंप्याला कुणी अंगरख्याची शिलाई विचारली, तरी बोलता बोलता तो जुन्या रसूली सुलतानांवर येई. त्यांची चांदीची नाणी तो दोऱ्यांच्या डब्यात जपायचा. प्रत्येक शहराच्या टांकसाळीची खूण वेगळी: जबीदच्या नाण्यावर पक्षी, तइज्जच्या नाण्यावर बसलेला माणूस. अदनच्या नाण्यावरचा मासा तेवढा त्याच्याकडे नव्हता. तो थोरल्या बहिणीच्या, तकीयाच्या, गळ्यातल्या हारात होता.

"हारात भोक पडलं की घरात भोक पडतं," असं म्हणून ती वर्षानुवर्षं त्याला परतवून लावी.

तिच्या मुलीच्या लग्नाआधी हार दुरुस्तीला निघाला, तेव्हा ती विरघळली. "माशाच्या जागी तुझा पक्षी बसव. आणि पुन्हा माझ्या गळ्याकडे टक लावून बसू नकोस रे, बायका हसतात मला."

पक्षी एकच होता, तरी मुकबिलने दिला. मासा सुलतान मुजाहिद अलीचा की त्याच्या मुलाचा, अब्बासचा, हे त्याला मरण्याआधी कळायला हवं होतं. नाव मागच्या बाजूला काळ्या मळाखाली होतं. नाणं तिळाच्या तेलात भिजवायचं, मऊ काडीने एकेक अक्षर उघडायचं, हे त्याने मनात शंभरदा करून पाहिलं होतं.

"हादी, कडी हळू काढ. करवत लावू नकोस. माशाला ओरखडा नको," त्याने चांदीकाम करणाऱ्या हादीला बजावलं.

"लेकीसारखा जपतो, मुकबिलभाऊ. संध्याकाळी या."

संध्याकाळी हादीने पांढऱ्या फडक्यावर मासा ठेवला. खवलान् खवला लखलखत होता. मुकबिलने नाणं उलटलं. मागची बाजू नखासारखी गुळगुळीत.

"इथे नाव होतं."

"नाव कसलं? मळाचा थर होता नुसता! आंबट पाण्यात उकळला, वाळूने घासला, हात दुखले माझे. मळकी चांदी दिली असती तर आमचा म्हातारा कबरीतून उठून आला असता."

जबीदमध्ये कुठलाही कारागीर न उजळता चांदी परत देत नाही, हे मुकबिल लहानपणापासून पाहत आला होता. कडीचं सांगितलं, करवतीचं सांगितलं, उजळू नकोस एवढंच सांगायचं राहिलं.

"आणि पक्षी?"

"तो तर याहून झकास झालाय!"

घरी तकीयाने हार घालून पाहिला. "मिळाला ना एकदाचा मासा? मग तोंड का असं?"

"मासा मिळाला, ताई. सुलतान गेला."

"मग आता कुणाचं तरी एक नाव धर आणि जेवायला बस."

त्याने नाणं डब्यात टाकलं. झाकण नीट बसेना. त्याने ते आपटलं, पुन्हा आपटलं, आणि तसंच वाकडं ठेवून दिलं.