जाऊनये

ज्ञानी वधावा सिंगांचा पाय घरात कधी ठरलाच नाही. सायकलच्या हँडलला पुस्तिकांची पिशवी अडकवायची आणि फरीदकोटच्या आसपासच्या गावांत गुरुद्वाऱ्यांतून कथा सांगत हिंडायचं, तीस वर्षं हेच. पुस्तिकाही त्यांनीच लिहिलेल्या. बायको ईशर कौर म्हणायची, "ह्यांना खाटेवर बसवायचं तर दोरीनंच बांधायला हवं." पण परवापासूनची तगमग निराळी होती. पुढ्यातली रोटी तशीच राहायची आणि माणूस अंगणात येरझाऱ्या घालायचा.

झालं होतं असं. त्यांच्या सगळ्यात खपलेल्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार होती. छापण्याआधी त्यांनी तिच्यातलं एक गुरुवचन जुन्या हस्तलिखित पोथीशी ताडून पाहिलं. जुन्या पोथ्यांत ओळ सगळी सलग. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. आता मराठीत कुणी 'जाऊनये' असं जोडून लिहिलं, तर 'जाऊ नये' म्हणाल की 'जाऊन ये'? अगदी तस्संच झालं! पाठ फिरवून गेलेल्याच्या दारी जाऊ नये, असा अर्थ ज्ञानीजींनी छापला होता, वर ठासून सांगितला होता. आणि पोथीत पुढच्या ओळीसकट वाचलं, तर अर्थ एकच निघत होता: जाऊन ये.

चुका काय, कुणाच्याही होतात. पण कोट वसाऊ गावची विधवा धन कौर ही चूक जगली होती. तिची एकुलती एक मुलगी सुरजितो सुताराच्या मुलाशी लग्न करून निघून गेली. जमीनवाल्या जाटाच्या घरात सुतार जावई, केवढा गहजब! आठवडाभरानं धन कौर रडत ज्ञानीजींकडे आली होती, "पोरीला भेटून येऊ का?" ज्ञानीजींनी पुस्तिका उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. पोर तीन कोसांवर, आणि आई अकरा वर्षं गेली नाही.

"नव्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करा," ईशर कौर म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना!"

"मग गिळा की."

गिळवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल हाणत कोट वसाऊला गेले. धन कौर अंगणात गोवऱ्या थापत होती. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे जायचं होतं?" तिनं विचारलं.

"हो, बीबी."

"अकरा वर्षं, ज्ञानीजी?"

त्यांनी हात जोडले. "गुरुद्वाऱ्यात जमणाऱ्या सगळ्या संगतीसमोर कबूल करतो. प्रायश्चित्त म्हणून महिनाभर तिथे लोकांचे जोडे पुसतो. तू म्हणशील ते."

"जोडे पुसून माझी पोर मिळणार आहे का? मोठे आले जोडे पुसणारे!" तिनं हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली. "चला. तिला तुम्हीच सांगायचं."

ती पुढे, मागे सायकल ढकलत ज्ञानीजी.

सुरजितोनं दार उघडलं. हात कणकेचे, कानशिलावर पांढरे केस. आईला पाहून ती जागीच थिजली. ज्ञानीजींनी काही न लपवता सांगितलं: ओळ कोणती, ती कशी चुकीची तोडली, आई का आली नाही. सुरजितोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती आईकडे वळली.

"ज्ञानीजी चुकले, बेबे. पण मला भेटायचं होतं, तर त्यांना विचारायला गेलीस कशाला?"

धन कौरनं ओढणीचा पदर तोंडात कोंबला. ज्ञानीजी घाईघाईनं पुढे झाले, "बेटी, दोष सगळा माझा..."

"तुमचं सांगून झालं ना?" सुरजितो म्हणाली. "मग गप्प बसा आता. मी बेबेला विचारलंय."