आधी घागर, मग फोटो

अक्का गेल्याचा फोन धाराशिवच्या दवाखान्यातून आला. माझ्या लेकानं, महादेवानं, उचलला. मी अंगणात बाज विणत होतो. तो फोन हातात धरूनच बाहेर आला, तवाच कळलं. हातातली दोरी तशीच घट्ट धरून बसलो… सोडली तर विणलेलं समदं उसवंल, असं वाटलं.

अक्का माझी थोरली बहीण. लोहारा गावाकडं दिली होती. भूकंपात घराची भित पडली आन दाजी तिच्याखाली गेले. मी अक्काला आमच्या गावाला, तेरला आणलं, ती माझ्याच घरात ऱ्हायली. तवापासून तिचा एक नेम होता. भितीवर जड काही टांगायचं झालं, तर त्या खिळ्याला आधी पितळेची भरलेली घागर बांधायची आन सकाळपर्यंत ठेवायची. टिकली तरच फोटो. आन ज्यानं टांगला, त्यानंच पहिली भाकर त्याच्याखाली बसून खायची. "टांगायचं तू आन बसायचं लेकरांनी? आधी तू बस की," म्हणायची.

आमच्या वडलांच्या फोटोला मी जुन्या दाराच्या सागवानाची फ्रेम करून घेतली होती. दोघांनी उचलावी अशी. शाळा मी फार शिकलो न्हाय, पण हातावर माझा भरवसा. दोन विटांच्या सांध्यात एक लांब खिळा ठोकला आन म्हणलं, "अक्का, बैलगाडी लटकव ह्याला."

"बैलगाडी कशाला? घागर आणते."

"लोक हसत्याल."

"हसू दे. दात दिसत्याल, डोस्की तर शाबूत ऱ्हात्याल!"

मी बी हट्टाला पेटलो. घागर बांधलेली असताना खालीच ताट घेऊन बसलो. तिनं ल्हान पोरासारखा कान धरून मला बाजूला वढलं. "आधी घागर बसंल, मग तू." भांडण चालू हाय तवर गिलाव्याचं ढेकूळ घेऊन खिळा निसटला. घागर ताटावर पडली. ताट वाकडं, घागरीला पोचा, घरभर पाणी. मी म्हणलं, "तूच जादा भरली होतीस." ती पदर तोंडाला लावून हसली, "व्हय बाबा, पाण्याचीच चूक." मग तिनं माझ्याकडनं सांधा सोडून विटेत दोन भोकं पाडून घेतली, त्यात लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, खुंट्यांत जाड स्क्रू, आन फ्रेमचा भार बसायला खाली लाकडी पट्टी. वडील अजून तिथं हायत.

आता अक्काचाच फोटो लावायचा. महादेवानं त्याच दाराच्या उरलेल्या सागवानाची तेवढीच मोठी फ्रेम करून आणली. "आबा, मिस्त्रीला बोलवू का?" म्हणला. "मिस्त्री कशाला? मी मेलोय का?" असं म्हणलो खरं, पण नजर भितीखाली गेली. ज्या भितीवर जागा हाय, तिच्याखाली माझी नात रोज जेवायला बसती. अक्कानं करून घेतलं होतं तसंच खुंट्या, स्क्रू, पट्टी समदं केलं. पोचा पडलेली घागर भरून बांधली आन समोर बसून ऱ्हायलो. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की घागरीतलं पाणी हलायचं, आन माझ्या छातीत बी काहीतरी हलायचं. जन्मभर मी कशाला भ्यालो न्हाय, असं गावाला सांगत आलो. पण अक्का होती तवर भ्यायचं काम तिच्याकडं होतं… आता ते माझ्याकडं आलं.

सकाळी घागर जागच्या जागी होती. मी आन महादेवानं फ्रेम चढवली. सुनेनं खाली ताट मांडलं, तशी नात पळत आली.

"थांब गं! आधी मी," मी वरडलो. पोरगी बिचारी दचकली.

बसलो. भाकर मोडली. वर बघायचा धीर न्हाय. तेवढ्यात ट्रॅक्टर आला, वरती लाकूड कुरकुरलं. मान आपसूक खांद्यात गेली… पण उठलो न्हाय. भाकर संपवली, ताट पुसून घेतलं, मग शेजारची जागा हातानं झाडून नातीला म्हणलं, "ये."

आता ती रोज तिथं जेवती, मी तिच्या कडंला बसतो. सून घागर फडताळात ठेवाय निघाली होती, मी ठेवू दिली न्हाय. घागर माझ्याजवळच असती. अजून जेवताना वर बघवत न्हाय. बाहेर ट्रॅक्टर वाजला की एक हात नातीच्या डोक्यावर जातो… आन दुसरा घागरीच्या पोच्यावर.