सेव्हिलमधला गिलावा

यांची फेलोशिपची परीक्षा नेमकी ईस्टरनंतरच्या आठवड्यात आली, म्हणून मी आणि माझे सासरे असे दोघेच स्पेनला गेलो. बुकिंग तिघांचं होतं.

आम्ही तेव्हा नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासूबाई गेल्यावर मामंजी साताऱ्यात एकटे पडले, म्हणून यांनी त्यांना जानेवारीत बोलावून घेतलं. पण जानेवारीतलं नॉटिंगहॅम म्हणजे दुपारी चारला दिवे लागणार. मामंजी घरातसुद्धा ओव्हरकोट घालून खिडकीपाशी बसून असायचे. माझ्याशी बोलणं "पोस्ट आली का?" एवढंच.

"बाबांना ऊन तरी मिळेल. तुम्ही दोघं जाऊन या," हे म्हणाले.

"आणि चार दिवस बोलू काय त्यांच्याशी?"

"ते बोलत नाहीतच. तू शहर बघ."

सेव्हिलला विमानाचं दार उघडलं आणि अंगावर ऊन आलं. शिडीवरच मामंजींनी ओव्हरकोट काढून माझ्या हातात दिला आणि ते पुढे चालू लागले. हॉटेलात बॅगा टाकून लगेच बाहेर. मी मागून जवळजवळ धावत होते.

हॉटेलमागे पांढऱ्या भिंतींच्या गल्ल्या होत्या. खिडक्यांभोवती पिवळ्या मातीच्या रंगाचे पट्टे, लोखंडी गजांतून लोंबणारी लाल जिरेनियम. कुठूनतरी संत्र्याच्या मोहोराचा वास येत होता. एका गल्लीत मामंजी थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. दोन्हीकडची बोटं भिंतींना टेकली.

"सूनबाई, गल्ली एवढी अरुंद का ठेवली असेल?"

चार महिन्यांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी गोंधळले. "जागा कमी असेल."

"अंहं. वर बघ."

वर आकाशाची निळी पट्टी होती, आणि ऊन फक्त छपराच्या कडेला. खाली आमच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

"मे महिन्यात इथून माणूस डोक्याला रुमाल न बांधता जात असेल. डोकं लावून बांधलंय." तीस वर्षं पी.डब्ल्यू.डी.त ओव्हरसियर म्हणून काढलेला माणूस तो. मला हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ मला त्या गल्लीत कळला. मग दर दहा पावलांवर काहीतरी निघायला लागलं. उघड्या दारांतून जाळीआड अंगणं दिसायची, निळ्या-पिवळ्या फरशांचे हातभर उंच पट्टे, मध्ये कारंजं. मामंजी जाळीला नाक लावून बघायचे. "खाली फरशी का? चुना ओल धरतो, पाणी उडून खराब होतो. म्हणून." मी मान डोलवायचे, आणि पुढच्या दाराशी आपणहून थांबायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या चर्चचा मनोरा चढलो. पूर्वी तो मशिदीचा होता. मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी होती, पण आत पायऱ्याच नव्हत्या, चारी बाजूंनी फिरत वर जाणारा उतार होता. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसा केला, असं एका गाइडनं इंग्रजीत सांगितलं. मी ते मामंजींना मराठीत सांगितलं.

"मग आज घोडे आपणच," ते म्हणाले आणि जिभेनं टॉक टॉक आवाज काढत चढू लागले. दोन जर्मन बायका बाजूला झाल्या. मी भिंतीला टेकून पोट धरून हसले. वर पोचल्यावर गच्च्यांवर वाळणारे कपडे, नदी, पांढरं शहर बघत आम्ही इतका वेळ उभे राहिलो की गाइड दुसरी टोळी घेऊन आला.

तिसऱ्या दुपारी मी जरा झोपले. उठून पाहते तर मामंजी खोलीत नाहीत, लॉबीतही नाहीत. हॉटेलचा माणूस नुसता दाराकडे बोट दाखवत होता. त्यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, हॉटेलचा पत्ता खिशात नव्हता. दुकानं बंद, गल्ल्या ओस. हिरव्या पाचवारी साडीत मी एकेका दारातून "मामंजी! अहो मामंजी!" अशा हाका मारत फिरत होते. एका बाल्कनीतून एक म्हातारी काहीतरी बोलली, तिनं माझ्या साडीकडे, मग कोपऱ्याकडे बोट दाखवलं. माझ्यासारखा दुसरा कोणी तिनं पाहिला असणार.

कोपऱ्यावरच्या घराचं दार उघडं होतं. अंगणात भिंतीला परांची बांधलेली, चुन्याचा ढीग, आणि मामंजी बनियनवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात थापी. शेजारी त्यांच्याच वयाचा एक गवंडी कमरेवर हात ठेवून बघत होता.

"कुठे होता तुम्ही!" मी ओरडले. सासऱ्यांवर. घरात मी त्यांच्यासमोर मोठ्यानं शिंकलेही नव्हते. "मला वाटलं तुम्ही हरवलात! सांगून जाता येत नाही?"

मामंजींनी थापी खाली ठेवली. "चुकलं," ते म्हणाले. "तू झोपली होतीस. उठवावंसं वाटेना." मग खाली बघत, "गिलावा चाललेला दिसला गं. हात स्वस्थ राहिना."

मला रडू आलं आणि हसूही. गवंड्यानं मला उलटी बादली बसायला दिली. मामंजी म्हणत होते, चुना आणखी मुरायला हवा होता. गवंडी बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होता, महिने असावेत. दोघेही आपापल्या भाषेत आणि दोघांचंही पटत होतं. भिंतीचा एक हातभर तुकडा मामंजींनी केला होता. गवंड्यानं त्यावर तळवा फिरवला, माझा हात धरून माझाही फिरवला. अंड्यासारखा गुळगुळीत.

मग घराची मालकीण पाव, ऑलिव्ह आणि अंड्याचं बटाटे घातलेलं थालीपीठ घेऊन आली. मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा अंडं खाल्लं. "त्याला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

परतल्यावर मे महिन्यात साताऱ्याला जाणार होते ते मामंजी ऑक्टोबरपर्यंत राहिले. दर रविवारी आम्ही दोघं नॉटिंगहॅमच्या जुन्या लेसच्या वखारी बघायला जायचो. विटा आडव्या कुठे, उभ्या कुठे, हे ते मला दाखवायचे. सप्टेंबरात मी संध्याकाळच्या ड्राफ्ट्समनच्या कोर्सला नाव घातलं. फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. मामंजी शेजारी बसून म्हणाले, "लिही, आवड."