घरात एक एमबीए

नवसाचे आणि अ‍ॅडमिशनचे किस्से फराळाच्या डब्यासारखे. एक काढला की खालून चार निघतात. तीन वर्षांपूर्वी मी जीवदानी आईला नवस बोलले, "आमच्या घरात एक एमबीए होऊ दे, तुझ्या पायऱ्या अनवाणी चढेन!" डोळ्यांपुढे लेक होती, पण तिचं नाव घ्यायचं राहिलं. तिनं केक बनवायचा कोर्स धरला. मी देवीवर रुसले, तर कार्टी म्हणते, "आई, घरात तूही राहतेस!"

मी सत्तेचाळीस वर्षांची, जुनी बीकॉम. मी एमबीए करणार ही बातमी बोळिंजच्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्या आधी वर पोचली.

*

प्रवेश परीक्षा नेमकी संकष्टीला. भुईगावची फिलू, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, म्हणाली, "तू उपास धर, मी नऊ दिवसांची नोव्हेना धरते. गणपती बिझी असला तर मदर मेरी बघेल!"

निकाल लागला. बासष्ट पर्सेंटाइल.

"दोघांनी एकमेकांवर ढकललेलं दिसतंय," फिलू म्हणाली.

*

सासूबाईंनी मात्र "फर्स्ट क्लास!" म्हणत मजलाभर पेढे वाटले. लेकीनं समजावलं, "आजी, ते मार्क नाहीत. शंभरातले बासष्ट जण आईच्या मागे, एवढंच."

"बासष्ट जण मागे? अगं, मग पेढे कमीच वाटले!"

*

गॅप सर्टिफिकेटसाठी फिलू आणि मी माणिकपूरला टायपिस्टकडे गेलो.

"शिक्षणात पंचवीस वर्षांचा गॅप. कारण?"

"संसार."

त्यानं टाइप करता करता वाचलं, "सदर काळात मी कोणतंही गैरकृत्य केलेलं नाही."

"थांबा हो!" फिलू ओरडली. "हिची साबुदाण्याची खिचडी मी खाल्लीय!"

*

हसत होते खरी, पण ती जागा मला हवीच होती. पंचवीस वर्षं सगळ्यांचे फॉर्म भरले. हा पहिला माझा.

इंटरव्ह्यूला दोन सर आणि एक मॅडम. मॅडम गप्पच. सरांनी विचारलं, "तुमचा वीकनेस?"

"उपास असला की चिडते."

"आज आहे का उपास?"

"सोमवार आहे ना, सर!"

सरांनी फाईल मिटली. "कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंटचा प्रश्न राहू द्या मग."

*

आठवड्यानं फोन आला. त्याच गप्प मॅडम. "ताई, तुमची जागा पक्की. शनिवारपर्यंत कागदपत्रं आणा."

मी देव्हाऱ्याकडे धावणार, तर मॅडम फोन ठेवेनात.

"एक विचारू? माझी पीएचडी नऊ वर्षं तशीच पडून आहे. गाइडच्या दारापर्यंत जायचा धीर होत नाही. तुम्ही त्या दिवशी... कशा आलात हो?"

"रिक्षानं," म्हटलं. "मॅडम, तुम्हीही रिक्षा करा."