माहेरी गेलेल्या सुना

विमलबाई गेल्याचं त्यांच्या भाचीनं फोनवर कळवलं, तेव्हा मी मंडईत वांगी निवडत होते. पिशवी रिकामीच घेऊन घरी आले. डोळ्यांत पाणी यायच्या आधी कानात त्यांचा नेहमीचा प्रश्न आला... "कोण भेटलं नाही?"

आरोग्य-पाहण्यांची आकडेमोड बाईंकडे असायची. मी त्यांच्या हाताखाली नवी, आणि शिष्टपणा अंगात ठासून भरलेला. धायरी तेव्हा खेडंच होतं. तिथं क्षयाचे रोगी किती, हे आम्ही घरोघर फिरून पाहिलं. रोगी थोडेच, आणि तरुण बायकांत तर जवळजवळ कुणीच नाही! गावाला औषधकेंद्राची गरज नाही, असं अहवालात ठोकून देऊन मी तो बुधवार पेठेतल्या आमच्या कचेरीत बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी तो उघडलासुद्धा नाही. म्हणाल्या, "न भेटलेल्यांची यादी आणा."

यादीत सुनांच्या नावांपुढे मी ओळीनं 'माहेरी' लिहिलं होतं.

"अहो, दिवाळी नाही, पंचमी नाही. एवढ्या सुना माहेरी कशाला गेल्या? विचारलंत?"

"घरी नव्हत्या, म्हणून वगळल्या."

"वा! घरी धडधाकट राहिल्या तेवढ्याच तपासल्यात आणि गाव निरोगी ठरवलंत. कमाल आहे तुमची."

मला असा राग आला म्हणून सांगू! पण दुसऱ्याच दिवशी पन्नाशीच्या बाई मला एसटीत घालून सिंहगडाच्या पायथ्याच्या एका गावी घेऊन गेल्या. यादीतली पहिली सून, शेवंता, तिथं ओसरीवर पोतं अंथरून बसली होती. खोकल्यानं तिला बोलवेना. तिची आई म्हणाली, "खोकला लागला, तवा सासूनं धाडून दिली. बरी झाल्यावर न्हेत्याल म्हनं." जो आजार मी शोधत होते, त्यानंच या बायकांना माझ्या पाहणीतून बाहेर काढलं होतं... आणि विमलबाईंना ते कचेरीत बसून, एका कागदावरून दिसलं होतं! माणसाला अशी नजर असू शकते, यावर माझा आजही पटकन विश्वास बसत नाही.

मग बाईंनी एकेक माहेर गाठायला लावलं. अहवाल पार उलटा झाला, धायरीत औषधकेंद्र आलं, शेवंता बरी होऊन सासरी नांदायला आली.

बाईंच्या शोकसभेला सभागृह भरून गेलं होतं. जो उठे तो भरभरून बोलत होता. भाचीनं बाईंच्या कपाटातला एक जुना कागद मला दिला. घडीवर माझंच अक्षर, न भेटलेल्यांची तीच यादी. घडी न उघडताच मी पर्समध्ये ठेवली, पण मनात आलंच... इथं कोण आलेलं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी धायरी गाठली. शेवंता आता नातवंडांची आजी. ऐकलं आणि दारातच मटकन बसली. "बाई गेल्या? आन् मला कुनी सांगितलं बी न्हाई?"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि यादी उघडली. शेवंताच्या नावापुढचं माझं 'माहेरी' खोडून बाईंनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'भेटली'.